मुरवेळची राखण

घाटातला धबधबा हल्ली सकाळी दहाला सुरू होतो आणि सायंकाळी सहाला बंद होतो. खालच्या डोहातलं पाणी पंपानं पुन्हा कड्यावर चढवतात आणि तेच पाणी पर्यटकांसाठी दिवसभर कोसळत राहतं. शालन मयेकर लग्न होऊन मुरवेळला आली तेव्हा हाच धबधबा श्रावणात वेड्यासारखा अंगावर यायचा आणि दिवाळी सरली की कड्यावर नुसता ओला डाग उरायचा. तो डाग बघायलाही माणसं जायची. शालन नवऱ्याबरोबर गेली होती. दोघांनी त्या डागाखाली बसून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली होती, आणि पाणी नाही म्हणून कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

आता तसं चालत नाही. जंगलातले काजवे दिव्यांच्या ठरावीक उघडझापीनं एकाच झाडावर गोळा करता येतात. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली शिट्ट्या वाजवल्या की डॉल्फिन वर येतात. डोंगरापासून दर्यापर्यंत जे जे बघण्यासारखं होतं त्याला कुणी ना कुणी घड्याळ बांधलं होतं. या सगळ्याला ‘वेळेवर कोकण’ असं नाव होतं आणि समयसृष्टी नावाची कंपनी ते चालवायची. त्यातलं सर्वांत गाजलेलं आकर्षण मुरवेळच्या किनाऱ्यावर होतं. ते शालनच्या पोटच्या पोरीनं, ऋजुतानं, शोधून काढलेलं.

मुरवेळला कासवं येतात. थंडीत मादी रात्री वाळूवर चढते, खड्डा करते, अंडी घालते आणि मागे वळून न बघता निघून जाते. एके काळी गावात ती अंडी खात असत. शालन नवी नवरी असताना गावानं ठरवलं की यापुढे खायची नाहीत, राखायची. अंडी काढून कुंपणाच्या आत तशाच खोल खड्ड्यांत पुरायची आणि वर वेताच्या टोपल्या पालथ्या घालायच्या, म्हणजे कोल्ह्याकुत्र्यांना मिळत नाहीत. राखण घराघरांत वाटून घेतली. ज्या घराकडे आठवड्याची राखण, त्या घरचं माणूस राखणदार. राखणदाराच्या शब्दाशिवाय टोपलीला हात लावायचा नाही, मग तो सरपंच असो की साहेब. दर बुधवारी राखण बदलते आणि जुना राखणदार नव्याच्या हातात काठी देतो. एवढीच रीत.

पिल्लं बघायला शहरातली माणसं यायला लागली, तेव्हा शालननं आपल्या पडवीत चार खाटा टाकल्या. माणसं यायची, दोन दिवस राहायची. कधी टोपलीखाली वळवळ दिसायची, कधी नुसती वाळू. रिकाम्या हातानं परतणारे कुरकुरायचे. ऋजुता तेव्हा शाळेत होती. पाहुण्यांचे पडलेले चेहरे तिच्या फार मनाला लागायचे.

“आई, पिल्लां नेमकी कधी वर येतली ता आपणाक कळाक नको?” ती विचारायची.

“तेंका तरी खय कळता!” शालन म्हणायची.

पण त्यांना कळत होतं, आणि तेच ऋजुतानं पुढे सिद्ध केलं. अंड्यातून फुटलेलं पिल्लू लगेच वर येत नाही. वाळूखाली हातभर खोल ते भावंडांची वाट बघत पडून राहतं. एक हललं की शेजारच्याला ते कळतं, त्याचं पुढच्याला, आणि ही थरथर घरट्यात पुरेशी वाढली की सगळी मिळून वर ढकलायला लागतात. एकट्यादुकट्याला वाळूचा भार पेलत नाही. वरची वाळू तापलेली लागली तर ती थबकतात, कारण तापलेली वाळू म्हणजे दिवस, आणि दिवस म्हणजे घारी. वाळू थंड झाली की निघतात. ऋजुतानं ती थरथर मोजली, तिची नक्कल करणारी एक लवचीक पट्टी बनवली आणि ती घरट्यांच्या तळाशी अंथरली. तिला नाव दिलं तालपट्टी. पट्टीनं वाळू गार केली आणि ताल धरला की घरटं तासाभरात वर येई. आणि पट्टीनं वाळू ऊबदार ठेवून पिल्लांच्याच थरथरीला उलटी थरथर दिली, की घरटं मुकाट पडून राही.

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा शालन मुलीच्या शेजारी उभी होती. ऋजुतानं बटण दाबलं आणि वाळू उकळल्यासारखी झाली. शालननं मुलीच्या पाठीवरून हात फिरवला होता. तो आनंद खोटा नव्हता.

मग समयसृष्टी आली. कासवं शनिवारी-रविवारी सायंकाळी साडेपाचला ठरली. पडवीच्या जागी शालनच्या सहा खोल्या झाल्या. कंपनीनं गावची रीतही मोडली नाही, उलट तिला ती फार आवडली. राखणदाराला जरीचा शेला आला, हातात माईक आला. प्रवेशद्वारावर भला मोठा फलक लागला: ‘येथे राखणदाराच्या शब्दाशिवाय टोपली उचलली जात नाही.’

“काकी, आधी चहा की आधी कासवं?” नाशिकच्या एका बाईंनी या हंगामातल्या एका मंगळवारी पायरीवरूनच विचारलं.

“आधी चहा. कासवां खय जाताहत? ती थांबतली तुमच्यासाठी,” शालन हसत म्हणाली.

ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या ऋजुतानं मान वर केली नाही. पण तिची बोटं थांबली, ते शालनला दिसलं.

---

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, शेजारच्या गुणाबाईनं शालनच्या हातात काठी दिली. “घे गो बाय, तुझी राखण. रविवारी मंत्री येतासा. शेलो इस्त्री करून ठेवलंय.”

शालन कुंपणाच्या आत फिरून आली. उन्हं उतरली होती. कडेच्या तीन टोपल्यांपाशी तिनं वाळूला हात लावला. वाळू कोमट होती. दुपारच्या उन्हाची नव्हे, खालून येणारी ऊब.

घरी येऊन तिनं ऋजुताला समोर बसवलं. “ती तीन घरटी तयार झाली मां?”

“मंगळवारीच.”

“मग?”

“मंत्री रविवारी येणार आहेत.” मराठी शाळेतल्या बाईंसारखी भाषा ऋजुता अवघड गोष्ट सांगतानाच वापरायची. “आजपर्यंत मधल्या वारची घरटी तशीच जाऊ द्यायचो, बाकीची फार तर एखादा दिवस थांबवायचो. यावेळी पाच दिवस होतील.”

“थांबली तर काय होता?”

“पिल्लाच्या पोटात बलकाचा थोडा साठा असतो, आई. तेवढीच शिदोरी. पाण्यात शिरलं की ते दिवसरात्र न थांबता पोहतं, किनाऱ्यापासून लांब जाईपर्यंत. तिथे जाईतो त्याला खायला मिळत नाही. आम्ही त्याला वाळूखाली कोंडतो तेव्हा ते गप्प बसत नाही. ते ढकलत राहतं. पट्टी त्याला सांगते की भावंडं हलत नाहीत, पण ते आपलं ढकलतंच. शिदोरी तिथेच संपते.”

“आणि मगे?”

“मग साडेपाचला ते छान तुरुतुरु चालत पाण्यात जातं. लोक टाळ्या वाजवतात. पुढचं कुणाला दिसत नाही.”

शालनला आपली टाळी आठवली. दर शनिवारची.

“ह्या तू कोणाक सांगलंस?”

“निनादला सांगितलं.” निनाद म्हणजे कंपनीचा मुरवेळचा व्यवस्थापक. “तो म्हणाला, निसर्गात हजारात एखादंच जगतं, मग काय फरक पडतो. वर म्हणाला, तू सोडून गेलीस तर दुसरा कुणी येईल, आणि तो एक दिवसही हळहळणार नाही. ते खरं आहे, आई. मी आहे म्हणून निदान...”

“निदान काय?”

ऋजुता उठून आत गेली. शालननं तिच्यामागे जाऊन समजूत घातली नाही. लहानपणीही ही पोर रडायला मोरीत जायची, आणि बाहेर आली की काय करायचं ते तिचं ठरलेलं असायचं. या वेळी ती बाहेर आली, जेवली आणि लॅपटॉप उघडून बसली. वय वाढलं की माणूस ठरवायचं टाळायला शिकतो, शालनच्या मनात आलं.

---

गुरुवारी सायंकाळी शालन काठी आणि कोयता घेऊन किनाऱ्यावर गेली. लपूनछपून नव्हे. वाटेत आत्माराम तांडेल, गावचा सरपंच, होडीला रंग देत बसला होता.

“काकी, कोयतो कित्याक?”

“वायर तोडूक.”

आत्मारामाला आधी ती चेष्टा वाटली. मग तो ब्रश टाकून मागोमाग धावला. “काकी, डोक्यावर परिणाम झालो काय? रविवारी मंत्री येतहा! जेटीचा काम मंजूर करूक येतहा तो! सगळ्या गावाच्या पोटावर पाय देतंस?”

“माझ्याव खोल्या हत आत्मारामा. माझा पोट काय वेगळा नाय.”

“मग?”

“मग काय? राखण माझी आसा.”

कुंपणाच्या कोपऱ्यात सौर पत्र्यांखाली एक करडी पेटी होती आणि तिच्यातून जाड काळ्या वायरी वाळूत शिरत होत्या. शालननं त्यातली एक पकडली, दगडावर ठेवली आणि कोयता उचलला.

“आई!”

ऋजुता अनवाणी धावत आली होती. तिला धाप लागली होती. शालननं कोयता खाली घेतला नाही.

“अडवूक इलंस?”

ऋजुतानं आईकडे पाहिलं, सरपंचाकडे पाहिलं, मग त्या तीन टोपल्यांकडे.

“ती कॅमेऱ्याची वायर आहे,” ती म्हणाली. “पट्टीची ही. आणि जरा थांब, आधी मला बंद करू दे. शॉक बसेल.”

तिनं पेटी उघडली आणि खटका ओढला. एवढी वर्षं तिथे सतत एक बारीक गुणगुण असायची, ती थांबल्यावरच सगळ्यांना कळली. मग शालननं घाव घातला. एका घावात तुटली नाही, तीन घालावे लागले.

“आता कधी वर येतली?” आत्मारामानं विचारलं.

“मला नाही माहीत,” ऋजुता म्हणाली. कित्येक वर्षांत ती हे वाक्य पहिल्यांदाच बोलत होती, आणि बोलताना तिचा चेहरा जरा मोकळा झाला.

पिल्लं शुक्रवारी सकाळी वर आली. तांबडं फुटलं होतं, वाळू गार होती. शालन, ऋजुता, गुणाबाई आणि रात्रभर शिव्या घालत का होईना पण तिथेच बसून राहिलेला आत्माराम, एवढीच माणसं. टोपल्या उचलल्या. पिल्लं ओल्या वाळूवरून पाण्याकडे निघाली. बहुतेक गेली. काही अर्ध्या वाटेत थांबली, मान टेकून पडली. आत्मारामानं त्यातलं एक तळहातावर घेतलं आणि पाण्याच्या कडेला नेऊन ठेवलं. लाटेनं ते नेलं आणि पुढच्या लाटेनं परत आणून त्याच्या पायाशी टाकलं. त्यानं पुन्हा ठेवलं. ते पुन्हा परत आलं.

घरी जाताना तो होडीकडे न बघता गेला.

---

निनाद दुपारी आला. त्यानं आरडाओरडा केला नाही, त्याच्या हुद्द्याच्या माणसांना तो शिकवलेलाच नसतो. “काकू, भावना समजू शकतो मी,” तो म्हणाला. “पोलिसांत जाणार नाही. रविवारचं मी बघतो. पलीकडच्या किनाऱ्यावर आमची दुसरी हॅचरी आहे. तिथली पिल्लं दोन टबांतून आणतो, सकाळी टोपल्यांखाली ठेवतो. तुम्ही फक्त शेला घाला, टोपली उचला. कुणाला काही कळायचं नाही.”

“तेंका कळतला,” शालन म्हणाली.

“कुणाला?”

“पिल्लांका. ज्या वाळूत जन्मली थयसरच अंडी घालूक परत येतत ती. ह्या तुमच्याच भोंग्यार रोज सांगतात मां?”

निनाद हसला. “रविवारी भेटू, काकू.” आणि आत्मारामाकडे वळून म्हणाला, “सरपंच, जेटीचं लक्षात ठेवा.”

आत्मारामानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते शालनला कळलं नाही.

रविवारी किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मांडव, खुर्च्या, ढोल. मंत्री आले. ते इथलेच, खाडीपलीकडच्या गावचे, मुंबईत राहून गोरे झालेले. टोपल्यांमागे पडदा होता आणि पडद्यामागे दोन निळे टब. शालन गेली आणि त्या पडद्यासमोर काठी टेकून उभी राहिली. टब उचलायला आलेल्या दोन माणसांनी निनादकडे पाहिलं. मंत्र्यांसमोर म्हातारीला हात कसा लावणार? शिवाय वर फलक होता, त्यांचाच.

“कार्यक्रमाची सुरुवात,” निवेदिका गोड आवाजात म्हणाली, “कोकणच्या लोकपरंपरेनुसार राखणदारांच्या गाऱ्हाण्यानं!”

गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेली साद. इथल्या मुलाला बोलता यायच्या आधी ती ऐकू येते. एकानं एक ओळ म्हणायची आणि जमलेल्या सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लग्न असो, जत्रा असो, होडी पाण्यात लोटायची असो, ओळ संपली की जीभ आपोआप उत्तर देते. विचार करावा लागत नाही. कंपनीनं त्या साडेतीन मिनिटांच्या रंजनासाठी माईक शालनच्या हातात दिला.

“बा रवळनाथा, बा दर्याराजा! आज मुरवेळच्या वाळूर तुझी लेकरां जमली हत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजलं.

“लांबलांबसून पावणे इले हत, मंत्रीसायब इले हत, सगळ्यांका सुखी ठेव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“बा म्हाराजा, ह्या टोपल्यांखाली आज एकव पिल्लू नाय!”

“व्हय म्हाराजा!” गाव तितक्याच जोरात म्हणालं. आणि मग माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या रांगेत मंत्र्यांचेही ओठ हलले होते. जन्माची सवय, ती मुंबईत सुटत नाही.

निनाद निवेदिकेला काहीतरी खुणावत होता. शालन थांबली नाही.

“आमची होती ती शुक्रवारी सकाळी आपल्या पायांनी गेली म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मागून कुणीतरी फसकन हसलं.

“पडद्यामागे टबात दुसऱ्या गावची पोरां चोरून आणलेली हत, ती तेंच्याच वाळूर जावंदेत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता पर्यटकही म्हणत होते. नाशिकच्या बाई सर्वांत मोठ्यानं.

शालननं श्वास घेतला. इथवर जिभांनी साथ दिली होती. पुढची ओळ जिभेची नव्हती.

“जी पट्टी पोरांका वाळूत कोंडून, उपाशी मारून, आमच्या टाळयेसाठी थांबवून ठेवता, ती पट्टी ह्या गावाक आजपासून नको म्हाराजा!”

कुणी बोललं नाही. नुसता दर्याचा आवाज. गाव समजून चुकलं होतं की आता उत्तर दिलं तर ते देवासमोर दिलेलं असेल आणि मागे घेता येणार नाही. खोल्या, जेटी, शनिवार-रविवार, सगळं त्या दोन शब्दांना टांगलं होतं. गुणाबाईनं पदर तोंडाला लावला. शालननं ओळ बदलली नाही. तिनं ती पुन्हा म्हटली. तितक्याच मोठ्यानं, शब्दन् शब्द.

“व्हय म्हाराजा.”

एकटाच आवाज होता. आत्माराम तांडेल मंत्र्यांच्या शेजारची खुर्ची सोडून उभा राहिला होता. तो आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होता.

मग गाव बोललं. मांडवाचं कापड हललं असं गुणाबाई पुढे कित्येक दिवस सांगत होती. तिची अतिशयोक्ती सोडून दिली तरी तो आवाज मोठा होता.

मंत्री घड्याळ बघून उठले. जेटीबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही. खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. काही पाहुणे पैसे परत मागत होते, काही उगाचच वाळूत बसले होते. ऋजुतानं पडदा बाजूला केला, एक टब स्वतः उचलला, दुसरा आत्मारामाला उचलायला सांगितला आणि दोन्ही आपल्या गाडीत ठेवले.

“काळोख पडायच्या आत पलीकडच्या किनाऱ्यावर पोचायला हवं,” ती म्हणाली. “आई, पुढे बस.”

निनाद गाडीच्या दाराशी आला. आता त्याचा आवाज चढला होता. “ऋजुता, हे टब कंपनीचे आहेत. आणि उद्यापासून तू कामावर यायचं नाहीस, कळलं? या कुंपणाच्या आत पाय ठेवायचा नाही!”

ऋजुतानं सीटबेल्ट लावला, आईचाही लावला. मग काच खाली केली.

“उद्या मी पहाटेच येतंय,” ती म्हणाली. “बुधवारपर्यंत राखण आमच्या घराची आसा.”